सोयाबीन फुलोऱ्यात पिवळं पडतंय? युरिया टाकण्याआधी मुळावरच्या गाठी चिरून बघा

श्रावण लागला की कोल्हापूर जिल्ह्यातल्या हातकणंगले, शिरोळ, कागल, गडहिंग्लज या पट्ट्यातून एकच तक्रार यायला लागते. जूनमध्ये पेरलेलं सोयाबीन महिनाभर हिरवंगार होतं, फुलं दिसायला लागली आणि आठ दिवसांत पट्टेच्या पट्टे पिवळे पडले. दरवर्षी होतं, त्याच रानात होतं, बऱ्याचदा त्याच कोपऱ्यात होतं. उपायही ठरलेला: पावसानं उघडीप दिली की युरियाचं पोतं फोडायचं आणि रानभर विस्कटायचं. कधी पीक काळपट हिरवं होतं, कमरेला लागतं आणि शेंगा मात्र पोकळ राहतात. कधी काहीच फरक पडत नाही आणि पोतं वाया जातं.

फुलोऱ्यातला पिवळेपणा पानावर दिसतो, पण त्याचं कारण बहुतेक वेळा मुळाशी असतं. सोयाबीनच्या मुळावर गाठी असतात, आणि त्यांतले जिवाणू हवेतलं नत्र पकडून झाडाला देतात. मुळाशी चाललेला कारभार नेमका याच दिवसांत झपाट्यानं बदलत असतो. पेरणीनंतर पंधरा दिवसांचं मूळ, पहिल्या फुलाच्या वेळचं मूळ आणि दाणा भरतानाचं मूळ ही रसायनाच्या हिशेबानं तीन वेगळी मुळं आहेत. पान तिन्ही वेळेला सारखंच पिवळं दिसेल, उपाय मात्र सारखा नाही. म्हणून आधी झाड उकरायचं आणि मग दुकानात जायचं, हा क्रम मी सगळ्यांना सांगत असतो.

आधी वरचं वर तपासून घ्या

पानावर पिवळ्या-हिरव्या रंगाचे ठळक, वेडेवाकडे चट्टे असतील आणि अशी झाडं रानात इकडंतिकडं विखुरलेली असतील, तर तो पिवळा मोझॅक. हा विषाणू पांढऱ्या माशीमार्फत पसरतो. अशी झाडं उपटून रानाबाहेर न्यायची आणि माशीचा बंदोबस्त करायचा. एखादंच झाड मान टाकून पिवळं पडलं असेल तर खोड उभं चिरा. आत लालसर नागमोडी बोगदा दिसला की खोडमाशी. खोडावर दोन समांतर खापा असतील तर चक्री भुंगा. बुडाशी पांढरी बुरशी आणि मोहरीसारखे बारीक दाणे असतील तर मूळ-खोडकूज. पानाच्या खालच्या बाजूला तपकिरी फोड असतील तर तांबेरा, आणि आपल्याकडच्या दमट हवेत तो पसरायला वेळ लागत नाही. यातलं काही निघालं तर पुढचं सगळं बाजूला ठेवा, ते दुखणं वेगळं आहे.

यातलं काहीच नसेल आणि पिवळेपणा पट्ट्यानं, सखल भागात किंवा एका जातीच्या मातीत दिसत असेल, तर खाली बसा.

झाड उपटू नका, उकरा

बोटांनी धरून झाड ओढलं की मुळं हातात येतात आणि गाठी मातीतच राहतात. मग ‘गाठीच नाहीत’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. खुरप्यानं किंवा कुदळीनं चारी बाजूंनी वीतभर माती सोडून ढेकळासकट झाड काढायचं. बादलीत पाणी घेऊन दहा-पंधरा मिनिटं बुडवून ठेवायचं, माती आपसूक सुटते. चोळायचं नाही. पिवळ्या पट्ट्यातली पाच-सहा आणि त्याच रानातल्या हिरव्या भागातली पाच-सहा झाडं शेजारी शेजारी ठेवायची. ही तुलना सर्वांत महत्त्वाची आहे, नुसतं पिवळं झाड एकटं काही सांगत नाही.

आता गाठी कुठं आहेत ते बघा. मुख्य मुळावर, बुडाजवळ गच्च बसलेल्या मोठ्या गाठी म्हणजे बियाण्याला लावलेलं जिवाणू संवर्धन लागू पडलं. लांबच्या बारीक मुळांवर एकेक सुटी गाठ म्हणजे रानात आधीपासून असलेले जिवाणू कामाला लागले. फुलोऱ्याला एका झाडावर दहा-पंधरा चांगल्या गाठी असाव्यात.

मग ब्लेडनं गाठ मधोमध चिरा आणि लगेच उजेडात धरा. वेळ घालवू नका, हवा लागली की आतला रंग तपकिरी पडायला लागतो. आतून गुलाबी ते रक्तासारखी लाल असेल तर गाठ काम करते आहे. पांढरी असेल तर ती अजून कोवळी आहे किंवा आत शिरलेले जिवाणू निकामी आहेत. हिरवट, राखाडी किंवा तपकिरी असेल आणि दाबल्यावर मऊ लागत असेल, तर ती गाठ संपली.

शिरोळकडच्या एका वयस्कर शेतकऱ्यानं मला बांधावरच ऐकवलं होतं, “गाठी तर बक्कळ हाईत की, मग रोग कसला?” खरोखर बक्कळ होत्या, एकेका झाडावर तीस-चाळीस. “चिरून बघूया, तात्या,” म्हटलं. बांधाकडच्या उंच भागातल्या गाठी आतून लालभडक निघाल्या. सखल भागातल्या तेवढ्याच मोठ्या, तेवढ्याच गोल, पण आतून शेवाळी हिरव्या, आणि चिरल्याबरोबर कुजकट वास. तात्यांनी दोन्ही गाठी तळहातावर घेतल्या आणि बराच वेळ बघत राहिले. मोजून गाठीची तब्येत कळत नाही.

या रंगामागे काय आहे

सोयाबीनचं कोवळं मूळ मातीत डेडझीन, जेनिस्टीन अशी द्रव्यं सोडतं. ब्रॅडीरायझोबियम नावाच्या जिवाणूंना ही खूण कळते. ते उलट स्वतःचं एक रसायन सोडतात, त्यानं मुळावरचा केसासारखा तंतू वळतो आणि जिवाणू आत शिरतात. दोनेक आठवड्यांत गाठ डोळ्याला दिसते. त्या वेळी ती आतून पांढरीच असते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. झाड तोवर दोन दलांतला साठा आणि जमिनीतलं नत्र यावर जगतं. म्हणूनच पेरणीच्या वेळी नत्राचा थोडा हप्ता द्यायला सांगतात.

पुढं फुलोऱ्याकडं जाताना गाठीत लेगहिमोग्लोबिन भरतं. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या कुळातलं हे प्रथिन, गुलाबी रंग त्याचाच. त्याचं काम फार नाजूक आहे. हवेतलं नत्र पकडणारं नायट्रोजनेज हे विकर ऑक्सिजननं बिघडतं, पण जिवाणूंना श्वासोच्छ्वासाला ऑक्सिजन तर हवाच. लेगहिमोग्लोबिन ऑक्सिजन धरून ठेवतं आणि जेवढा हवा तेवढाच सोडतं. बदल्यात झाड पानात तयार झालेली साखर खाली पाठवतं. गाठीत तिचं मॅलेट नावाचं द्रव्य होतं आणि जिवाणू त्यावर चालतात. तयार झालेलं नत्र ॲलंटोइन आणि ॲलंटोइक आम्ल या रूपात खोडातून वर चढतं. पानातला हिरवा रंग, फुलं टिकणं, शेंग धरणं हे सगळं या चढत्या रसावर अवलंबून असतं.

त्याला मागणीही तशीच असते. सोयाबीनच्या दाण्यात सुमारे 40 टक्के प्रथिनं आणि प्रथिन म्हणजे नत्र. एक टन दाण्यामागं पिकाला साधारण 80 किलो नत्र लागतं. एकरी दहा क्विंटल उतारा धरा, म्हणजे 80 किलो नत्र, म्हणजे 45 किलोची जवळपास चार पोती युरिया. सोयाबीनला एवढा युरिया कुणी टाकत नाही, तरीही पीक येतं, कारण निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त नत्र गाठी देतात. हे काम पहिल्या फुलापासून दाणा भरायला लागेपर्यंत सर्वांत जोरात चालतं. नेमक्या त्या तीन-चार आठवड्यांत गाठी अडल्या, तर पान पिवळं पडणारच. खालच्या जुन्या पानांतलं नत्र झाड काढून वरच्या शेंड्याला आणि शेंगांना देतं, म्हणून नत्राचा पिवळेपणा खालून सुरू होतो.

कारण एक: पाणी

कोल्हापुरात हे सर्वांत जास्त दिसतं. सोयाबीन पस्तीस-चाळीस दिवसांत फुलावर येतं, म्हणजे जुलैचा शेवट, ऑगस्टची सुरुवात. त्याच वेळी पावसाची झड, पंचगंगा पात्राबाहेर, ओढे तुंबलेले आणि काळ्या रानात पाणी मुरायला जागा नाही. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 सारखा महापूर आला तर प्रश्नच मिटला, पीकच जातं. पण पूर न येताही सखल वावरात चार-सहा दिवस पाणी साठून राहतं, आणि घात तेवढ्यात होतो.

पाण्यातून ऑक्सिजन हवेपेक्षा सुमारे दहा हजार पटींनी हळू सरकतो. मातीच्या भेगा पाण्यानं भरल्या की गाठीतल्या जिवाणूंचा श्वास कोंडतो. मॅलेट जाळायला ऑक्सिजन नाही, मग मूळ साखर आंबवायला लागतं आणि मुळातच अल्कोहोल तयार होतं. तेवढ्याच साखरेतून मिळणारी ऊर्जा मात्र फारच थोडी. वर चढणारं ॲलंटोइन आटतं. दिवस वाढले की लेगहिमोग्लोबिन तुटतं आणि गुलाबी गाठ हिरवी पडते. अशा झाडाच्या बुडाशी नीट बघा: खोडावर पांढरट, स्पंजासारखी मऊ साल आणि नव्या पांढऱ्या मुळ्या फुटलेल्या दिसतात. हवा खाली पोचवायची ती झाडाची धडपड असते. ती दिसली तर झाड अजून लढतंय असं समजा.

उपाय साधा आहे आणि कष्टाचा आहे. पाऊस चालू असतानाच रानातून चर काढून पाणी बांधाबाहेर काढायचं. फुलोऱ्यात असताना प्रत्येक दिवस मोलाचा. पाणी हटलं आणि वाफसा आला की ओळीत हलकं कोळपं शक्य असेल तर फिरवा, पण पीक दाटलं असेल आणि फुलं अंगावर असतील तर शिरू नका, फुलं झडतात आणि मुळंही तुटतात. या वेळी जमिनीतून युरिया दिला तर तो साठलेल्या पाण्यात झिरपून किंवा वायू होऊन जातो, पिकाला फारसा लागत नाही. त्याऐवजी दहा लिटर पाण्यात 200 ग्रॅम युरिया, म्हणजे दोन टक्क्यांची फवारणी, उघडीप बघून सकाळी किंवा ऊन उतरल्यावर घ्या. पानावाटे गेलेलं नत्र झाडाला आठवडाभर धरून ठेवतं. तोवर काही गाठी सावरतात, नव्या मुळ्यांवर काही नव्या येतात. तात्यांच्या रानात हेच केलं होतं.

कारण दोन: चुनखडी आणि लोह

इथं पिवळेपणा उलट्या टोकाला सुरू होतो. शेंड्याची नवी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्यागार, आणि खालची जुनी पानं ठीक. आपल्याकडं याला लोक केवडा पडला म्हणतात. शिरोळ, हातकणंगले, कागलच्या काळ्या चुनखडीच्या रानात हे दिसतं. पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरीच्या तांबड्या आम्लधर्मी मातीत सहसा दिसत नाही. खरं तर केवडा बऱ्याचदा तीन-चार पानांवर असतानाच डोकावतो आणि वाफसा आला की जातो. पण फुलोऱ्यात पाणी साठलं की परत उलटतो.

मातीत लोह भरपूर असतं. चुनखडीच्या मातीत ते विरघळत नाही, एवढीच अडचण. सोयाबीनचं मूळ यावर उपाय म्हणून भोवतीची माती किंचित आम्ल करतं आणि पृष्ठभागावरच्या विकरानं लोहाला घेण्याजोगं रूप देतं. माती ओली गच्च असली की मुळांचा आणि जिवाणूंचा कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर पडू शकत नाही. तो पाण्यात विरघळतो, चुनखडीला विरघळवतो आणि बायकार्बोनेट तयार होतं. हे बायकार्बोनेट मुळानं सोडलेल्या आम्लाला जागच्या जागी मारून टाकतं. गाठीतल्या नायट्रोजनेजला आणि लेगहिमोग्लोबिनलाही लोह लागतं, म्हणजे केवडा लांबला की गाठीही अशक्त होतात.

आता युरिया इथं का घात करतो ते नीट समजून घ्या. हवेतलं नत्र घेणारं झाड मुळाभोवती आम्ल सोडत असतं, त्याचा लोहाला फायदा होतो. युरिया टाकला की थोड्या दिवसांत त्याचं नायट्रेट होतं. नायट्रेट आत घेताना मूळ बायकार्बोनेट बाहेर टाकतं. म्हणजे आधीच जे जास्त झालंय त्यातच भर. शिवाय मातीत नायट्रेट सहज मिळालं की झाड गाठींना साखर पाठवणं कमी करतं, आणि जळण तोडलेली चूल जशी विझते तशी गाठ विझते. केवड्याच्या रानात युरिया टाकून पीक आणखी पिवळं झालेलं मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे, आणि ते बघून मला खरोखर वाईट वाटतं, कारण त्या माणसानं पैसे आणि कष्ट दोन्ही घातलेले असतात.

इथं फवारणी लोहाची. दहा लिटर पाण्यात 50 ग्रॅम फेरस सल्फेट, म्हणजे हिराकस, आणि 10 ग्रॅम सायट्रिक ॲसिड. द्रावण ताजं वापरायचं, गंजासारखं लाल झालं तर फेकून द्यायचं. आठ-दहा दिवसांनी परत. चिलेटेड लोह, म्हणजे दुसऱ्या द्रव्यानं वेढून धरलेलं लोह, घेणार असाल तर पाकिटावरची अक्षरं वाचा. ईडीटीए प्रकार फवारणीला चालतो. तो आपल्या विम्ल (अल्कधर्मी) काळ्या मातीत, जिचा सामू (पीएच) आठच्या घरात असतो, ओतला तर लोह सुटून परत मातीत अडकतं. मातीतूनच द्यायचं असेल तर ईडीडीएचए प्रकार लागतो, तो लालसर दिसतो आणि महाग पडतो. दुकानात दोन्ही नुसतं ‘चिलेटेड लोह’ या नावानं पुढं येतात, म्हणून विचारून घ्या.

ओळखीची एक सोपी खूण: पिवळ्या पानाच्या अर्ध्या भागावर ब्रशनं लोहाचं द्रावण लावा आणि चार-पाच दिवस थांबा. लावलेला भाग हिरवा झाला तर लोहच कमी होतं.

कारण तीन: गाठीच नाहीत

पिवळ्या आणि हिरव्या, दोन्ही भागांतल्या झाडांना गाठी नाहीत, किंवा आहेत त्या सगळ्या पांढऱ्या, तर मामला जूनमध्येच बिघडलेला असतो. सोयाबीनचे जिवाणू भुईमुगाच्या किंवा तुरीच्या पाकिटात नसतात, प्रत्येक गटाचं संवर्धन वेगळं. लावण, खोडवा, निडवा असा सलग ऊस घेऊन मग सोयाबीन केलं, किंवा त्या रानात सोयाबीन पहिल्यांदाच केलं, तर जिवाणूंचा साठा कमी असतो. उसाला दिलेल्या खताचं नत्र मातीत शिल्लक असेल तर गाठी धरायलाही उशीर होतो. बऱ्याचदा चूक बीजप्रक्रियेच्या क्रमात असते: जिवाणू आधी लावले आणि वरून बुरशीनाशक चोळलं, की जिवाणू तिथंच मेले.

अशा रानात फुलोऱ्याला युरियाचा माफक हप्ता देणं बरोबर आहे. मी युरियाच्या विरोधात नाही. गाठच नसेल तर झाडानं नत्र आणायचं कुठून? वाफसा असताना, ओळीच्या बाजूनं, थोडं द्या आणि वर दोन टक्के फवारणी जोडा. जिथं गाठी आतून लाल आहेत तिथं मात्र हात आवरा.

पश्चिमेकडच्या तांबड्या आम्ल मातीत एक वेगळी गोष्ट घडते. तिथं गाठी येतात, पण मॉलिब्डेनम मातीत अडकल्यामुळं नायट्रोजनेज नीट चालत नाही. शेणखत आणि माती परीक्षण करून गरजेपुरता चुना, यानं तिथं फरक पडतो. काळ्या रानात तोच चुना कुणी टाकू नये.

दाणा भरताना पिवळं पडलं तर

शेंगेत दाणा हाताला टचटचीत लागायला लागला, की पानातली साखर दाण्याकडं वळते आणि गाठींचा खुराक तुटतो. गाठी हिरव्या-तपकिरी होणं हे त्या वेळी वयाचं लक्षण आहे, रोगाचं नाही. आता कुठलंही जिवाणू खत किंवा जमिनीतून दिलेलं नत्र त्यांना परत उठवत नाही. दाणा नुकताच धरायला लागला असेल तर डीएपीची दोन टक्के फवारणी करता येते: 200 ग्रॅम डीएपी रात्रभर भिजत घालून, निवळी गाळून, दहा लिटरला. शेंगा भरून पिवळ्या पडायला लागल्या तर पंप घरीच राहू द्या, खर्च निघणार नाही.

यात एकच गोष्ट तपासायची: शेजारच्या रानातलं त्याच जातीचं, त्याच आठवड्यात पेरलेलं पीक अजून हिरवं आहे का. जेएस 335 आणि फुले संगम शेजारी शेजारी असतील तर 335 आधी पिवळं पडणारच, ते लवकर पिकतं. तुलना जातीला जात लावून करा.

पुढच्या जूनसाठी

यंदा जो पट्टा पिवळा पडला त्याच्या चार कोपऱ्यांना आत्ताच खुंट्या ठोका. काढणी झाली की तो दिसत नाही. तिथली आणि हिरव्या भागातली माती वेगवेगळ्या पिशवीत भरून तपासायला द्या, आणि मुक्त चुनखडी, सामू, क्षारता, लोह ही नावं घेऊन मागा. फक्त नत्र-स्फुरद-पालाशच्या अहवालावरून केवड्याचं कोडं सुटत नाही.

सखल वावरात सपाट पेरणी सोडून रुंद वरंब्यावर टोकण करा, मधली सरी उताराला काढून द्या. बीजप्रक्रियेत आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, आणि पेरायच्या आधी शेवटी जिवाणू: दहा किलो बियाण्याला 250 ग्रॅम सोयाबीनचं रायझोबियम, सावलीत सुकवून लगेच पेरणी. पाकिटावरची मुदत बघा, आणि ते दुकानाच्या पत्र्याखाली तापलेलं असेल तर घेऊ नका.

पेरणीनंतर तिसऱ्या आठवड्यात दोन झाडं उकरा, फुलाच्या आधी दोन, फुलोऱ्यात दोन. चिरलेल्या गाठींचा फोटो तारखेसह मोबाईलमध्ये ठेवा. पिवळं पडायची वाट न बघता हे केलं, तर पान बोलायच्या आठवडाभर आधी मुळावरून कळतं, आणि तेवढ्या दिवसांत चर काढून होतो.